कुत्र्याचा घास आणि त्याची पेटी



‘आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय’ ही म्हण आपण सारेच वापरतो. तिचा रोख ढिसाळ कारभारावर असतो. पण घटकाभर ती शब्दशः घेऊन पाहा. पीठ उघडे आहे, कुत्रे मोकळे आहे आणि पाहणारे कोणी नाही. यात दोष कोणाचा? कुत्र्याचा तर खासच नव्हे. ज्याच्या जेवणाला ठरलेली जागा नाही, ठरलेली वेळ नाही, ते मिळेल तिथे तोंड घालणारच. म्हणून आज मी आपणांस एका साध्या लाकडी पेटीविषयी सांगणार आहे. तिच्या एका भागात कुत्र्याचे धान्य बंद राहते आणि दुसऱ्या भागावर त्याला जेवू घालता येते. गावच्या सुताराला ती दोन दिवसांत करता येईल, आणि हातात करवत धरता येणाऱ्या कोणालाही आठवड्याभरात.

विषय कोणाला किरकोळ वाटेल. एके काळी मलाही तो तसाच वाटला असता. तो तसा का नाही, हे आधी सांगतो.

मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. आमची थोडी शेती आहे, आणि शेतावरच्या घरी राखणीला काळू नावाचा गावठी कुत्रा होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. काढणीच्या दिवसांत पाऊस आला आणि आमचा मका भिजला. वरचा वाळला, पण पोत्यांच्या तळाशी हिरवट-पिवळी बुरशी धरली. आई म्हणाली, “टाकून दे तो.” मी म्हणालो, “टाकायचा कशाला? भरडून काळूला घालू. तेवढीच बचत.” महिनाभर आम्ही त्याच भरड्याच्या कण्या त्याला शिजवून घातल्या. मग काळूने खाणे सोडले. त्याचे डोळे पिवळे झाले आणि पोट फुगले. गुरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासले आणि विचारले, “खायला काय घालता?” मी पोते दाखवले. ओंजळभर मका हातात घेऊन ते म्हणाले, “हा तुम्ही स्वतः खाल का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. चौथ्या दिवशी काळू गेला.

त्याची पुढची तपासणी झाली नाही. त्यामुळे तो मक्यानेच मेला असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण डॉक्टरांचा संशय कशावर होता, ते मी नंतर वाचून समजून घेतले. ओल्या धान्यावर आणि भुईमुगावर एका जातीची बुरशी वाढते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि ते विष यकृतावर घाला घालते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाण्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत दोष होता, आणि त्या शोधातूनच हे विष माणसाला कळले. आपल्याकडे १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या लगतच्या भागांत दीडशेहून अधिक गावांमध्ये कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. शंभराहून अधिक माणसे दगावली. कारण होते अवकाळी पावसात भिजून बुरसटलेला मका. त्या गावांतली कुत्रीही त्याच दुखण्याने पडली होती. हे विष शिजवून किंवा भाजून जात नाही. कुत्रे आणि माणूस एकाच कणगीतले खातात, तेव्हा त्या कणगीची शिक्षा दोघांनाही होते.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, जे आपण खाणार नाही ते कुत्र्यालाही घालू नये. आणि दुसरी अशी की, त्याचे धान्य आपल्या धान्याइतकेच कोरडे आणि बंद ठेवावे. पेटी हवी ती याच्यासाठी.

आता पेटीकडे येऊ. इथे चित्र काढून दाखवता येत नाही, म्हणून जिन्याच्या दोन पायऱ्या डोळ्यांपुढे आणा. एक उंच, तिच्या शेजारी एक ठेंगणी. उंच पायरी म्हणजे झाकणाची पेटी. तिच्या पोटात पत्र्याचा डबा. ठेंगणी पायरी म्हणजे एक फळी. तिला दोन गोल भोके आणि त्यांत बसणारी दोन भांडी, एक अन्नाचे, एक पाण्याचे. दोन्ही पायऱ्या दोन आडव्या पट्ट्यांवर उभ्या, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही आणि खालून वारा खेळतो.

या कामात मी पहिली चूक केली ती उंचीची. एका चित्रात कुत्र्याचे भांडे छातीइतके उंच पाहिले होते. तेच माप मी आमच्या गावच्या सुतारमामांना कागदावर काढून दिले. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “सर, माप झकास आहे. पण कुत्र्याला विचारलंत का?” मग त्यांनी आमच्या नव्या कुत्र्यापुढे विटा रचून त्यांवर भांडे ठेवले आणि एकेक वीट काढत गेले. कुत्रे मान किंचित खाली घालून निवांत खाऊ लागले, तेव्हा भांड्याचा काठ जमिनीपासून आठेक इंचांवर होता. पुढे वाचनात आले की अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना उंचावरच्या भांड्यातून खायला घातले, तर पोट फुगून पिळा पडण्याचा धोका वाढतो, असे त्यांना आढळले. तात्पर्य, मामांच्या विटा बरोबर होत्या. भांडे मातीत लोळू नये आणि ढकलले जाऊ नये एवढीच उंची पुरे.

लाकूड घेण्याआधी डबा आणि भांडी घ्या. पेटी डब्याच्या मापाने होते. डबा पेटीच्या मापाने मिळत नाही. तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा सर्वांच्या ओळखीचा आहे. तो साधारण सव्वानऊ इंच लांब-रुंद आणि १४ इंच उंच असतो. त्याचे तोंड पत्रेवाल्याकडून पूर्ण कापून घ्यावे, कडा आत मुडपून घ्याव्यात आणि घट्ट बसणारे झाकण करून घ्यावे. डबा साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावा. औषधाचा, खताचा किंवा रंगाचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नये. भांडी स्टीलची, बाहेर वळलेल्या काठाची घ्यावीत. माझ्या भांड्यांचा काठासकट व्यास ८ इंच आहे.

कोणी विचारील, लाकडी पेटी आहे तर आत पत्र्याचा डबा कशाला? कारण उंदराला लाकूड म्हणजे दात घासायची काठी. लाकडी पेटी तो एका रात्रीत पोखरतो. पत्र्यापुढे मात्र त्याचे चालत नाही. मग डबा आहे तर लाकूड कशाला? उघड्यावरचा डबा उन्हात तापतो आणि रात्री निवतो. त्याला आतून दमट सुटते. शिवाय कुत्रे तो लोळवते आणि झाकण काढायला शिकते. डबा उंदराला अडवतो, पेटी कुत्र्याला आणि हवेला.

लाकूड सागाचे मिळाले तर उत्तमच, पण त्याचा हट्ट नको. कडुनिंबाला कीड कमी लागते. कोकणात फणसाच्या फळ्या मिळतात. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला भुंगा लवकर धरतो. तो घेतलाच तर छपराखालीच वापरावा. बाभूळ चिवट खरी, पण तिच्यात खिळा जाता जात नाही. जुन्या दारांच्या रंगवलेल्या फळ्या मात्र घेऊ नयेत. जुन्या तैलरंगात बहुधा शिसे असते. कुत्रे कडा चावते आणि ते पोटात जाते. तो रंग खरवडू गेल्यास धूळ आपल्याच नाकात जाते.

फळीची जाडी ६ सूत, म्हणजे पाऊण इंच धरली आहे. आता मापे लिहून घ्यावीत. पेटीसाठी पुढची आणि मागची फळी प्रत्येकी साडेबारा इंच रुंद व १६ इंच उंच. दोन बाजूंच्या फळ्या ११ इंच रुंद व १६ इंच उंच. तळ ११ इंच चौरस. झाकण १४ इंच रुंद आणि सव्वातेरा इंच खोल. ठेंगण्या पायरीसाठी वरची फळी २० इंच लांब व साडेबारा इंच रुंद, आणि तिला आधार द्यायला साडेबारा इंच रुंद व ५ इंच उंच अशा दोन उभ्या फळ्या. खाली दोन पट्ट्या, २ इंच जाड, २ इंच रुंद आणि साडेबत्तीस इंच लांब. याखेरीज पेटीच्या कुशीला मारायला ११ इंचांची एक बारीक पट्टी. साऱ्या फळ्यांची बेरीज सुमारे १० चौरस फूट होते. तूट धरून १२ फूट आणावे. साडेबारा इंच रुंदीची अखंड फळी मिळाली नाही, तर दोन फळ्या जोडून मागून आडवी पट्टी मारावी.

प्रथम पेटी जोडावी. बाजूच्या दोन फळ्या पुढच्या आणि मागच्या फळीच्या मधे येतील अशा धराव्यात. म्हणजे आतली जागा बरोबर ११ इंच चौरस राहते. कोपऱ्याला गुण्या लावून काटकोन तपासावा. खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे. स्क्रूआधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे, नाहीतर फळीचे टोक चिरते. तळ आतून बसवून चारी बाजूंनी स्क्रू मारावेत. तळाला बोट जाईल अशी दोन-तीन भोके पाडून त्यांवर आतून बारीक जाळी ठोकावी. चुकून पाणी आत गेले, तर तिथून निघून जाते. तळाची जाडी वजा जाता आतली उंची सव्वापंधरा इंच उरते. डबा आरामात बसतो आणि भोवताली हाताची बोटे जातात.

झाकणाला मागे दोन बिजागऱ्या लावाव्यात. ते मागच्या बाजूला पेटीशी सपाट राहते, आणि पुढे व दोन्ही बाजूंना पाऊण इंच बाहेर येते; पावसाचे थेंब कडेवरूनच ओघळतात. पुढे कडी-कोयंडा हवाच, आणि त्यात अडकवायला दोरीला बांधलेली लाकडी खुंटी. कडी नसेल तर कुत्रे नाकाने झाकण उचलायला चार दिवसांत शिकते. हे मी अनुभवाने सांगतो.

मग ठेंगणी पायरी. फळीच्या दोन्ही टोकांपासून ५-५ इंचांवर, रुंदीच्या मधोमध खुणा कराव्यात. खिळा, दोरा आणि पेन्सिल घेऊन साडेसात इंच व्यासाची वर्तुळे काढावीत. भोक काठाच्या व्यासापेक्षा अर्धा इंच लहान ठेवले, की भांडे काठावर लटकून राहते आणि धुवायला सहज निघते. सुताराकडे जिगसॉ मशीन असेल तर वर्तुळ पाच मिनिटांत कापले जाते. नसेल तर रेषेच्या आतून गिरमिटाने शेजारी शेजारी भोके पाडावीत, मधला तुकडा पटाशीने काढावा आणि कड कानशीने गोल करावी.

पेटी पट्ट्यांच्या एका टोकावर बसवावी. तिच्या कुशीला, तळापासून ५ इंचांवर वरची कड येईल अशी ती बारीक पट्टी मारावी. एक उभी फळी दुसऱ्या टोकाला आणि एक दोन भांड्यांच्या मधल्या जागेत उभी करावी. या तिन्हींवर वरची फळी टेकवून स्क्रू मारावेत. ही पायरी पुढून-मागून मुद्दाम उघडी ठेवली आहे. खालून झाडू फिरला पाहिजे. बंद पोकळी ठेवली, तर तिथे उंदीर संसार थाटतो.

शेवटी सर्व कडा पॉलिश पेपरने घासून, बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत आणि आठवडाभर वाळू द्यावे. आतून रंग, तेल, डांबर काही लावू नये, आणि कीटकनाशकाची भुकटी तर मुळीच टाकू नये.

पेटी पडवीत किंवा छपराखाली, भिंतीपासून हातभर अलग ठेवावी. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. त्याला आडोसा देऊ नये. सांडलेल्या अन्नामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो, ही साखळी शेतावर राहणाऱ्याला वेगळी सांगायला नको. रात्री लाथ लागलेल्या भांड्याजवळ घोणस निघाली म्हणजे मग आपण कपाळाला हात लावतो. म्हणून नियम असा: सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी घालावे, वीस मिनिटांनी भांडे उचलून धुवावे, पाण्याचे भांडे मात्र सदा भरलेले असावे.

डब्यात ठेवावे काय आणि किती? पंधरा किलो वजनाच्या गावठी कुत्र्याला ज्वारीचे दिवसाला सुमारे २०० ग्रॅम पीठ, म्हणजे तीन-चार भाकरी, आणि जोडीला वरण, अंडे, ताक किंवा थोडे मासे-मटण, असा अंदाज धरावा. कामाचे कुत्रे जास्त खाते, म्हातारे कमी. पंधरा दिवसांचे पीठ ३ किलो झाले. त्याहून जास्त भरू नये. बाजरीचे पीठ तर काही दिवसांतच कडू होते. बाजरी धान्य म्हणून ठेवावी आणि लागेल तशी दळावी. धान्य दाताखाली कट्ट वाजले पाहिजे; चेपले तर पुन्हा उन्हात घालावे. नवे भरताना जुने आधी संपवावे आणि डबा पुसून उन्हात ठेवावा. दुकानातले तयार खाद्य असेल तर ते पिशवीसकट डब्यात ठेवावे; त्यातली चरबी हवेने खवट होते.

काही जण म्हणतात, कुत्रा मांसाहारी, त्याला भाकरी कशी पचणार? याचे उत्तर स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दिले. पिष्ट पचवणारा रस तयार करण्याचा जो गुण आहे, तो लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी पटींनी जास्त आहे. माणसाच्या उंबऱ्यावर हजारो वर्षे काढून त्याने आपली भाकरी पचवायला घेतली. पण कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट त्याला सोसत नाही. शिजवलेली हाडे तुकडे होऊन आतड्यात रुततात. हे पदार्थ त्याच्या भांड्यात पडू देऊ नयेत.

आता पेटीचा एक उपयोग असा, की जो मला करताना सुचला नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कार्ड चिकटवले आहे. त्यावर कुत्र्याला रेबीजची लस केव्हा टोचली आणि पुढची केव्हा, हे लिहिलेले आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, आणि नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे बहुधा दरवर्षी एक. रोज कडी उघडताना ती तारीख डोळ्यांसमोर येते. शिवाय जे कुत्रे रोज एकाच जागी, एकाच वेळी जेवते, ते लसीच्या दिवशी शोधत हिंडावे लागत नाही. माणसाला होणारा रेबीज जवळपास सारा कुत्र्याच्या चाव्यातून होतो, आणि गावातल्या दहांपैकी सात कुत्र्यांना लस टोचलेली असली की साथ तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लुई पाश्चरने ही लस १८८५ साली प्रथम एका मुलाला टोचली. दवा हाताशी असून माणसे मरतात, ती बहुतेक उशिरामुळे. कुत्रे चावले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हळद-चुना भरत बसू नये.

शिक्षक मंडळींना एक सुचवतो. कार्यानुभवाच्या तासाला ही पेटी जरूर करून पाहा. साडेसात इंचांच्या वर्तुळाचा परीघ, फळ्यांचे क्षेत्रफळ, पेटीच्या पोटाचे घनफळ, असे सारे गणित तिच्यात आहे. ११ गुणिले ११ गुणिले सव्वापंधरा काढून लिटरात बदलले, की उत्तर सुमारे ३० लिटर येते. मुलांनी ते डब्याने पाणी मोजून पडताळावे, अर्थात पेटी भिजवून नव्हे! करवत आणि मशीन मोठ्यांनी चालवावे. मोजणे, घासणे, स्क्रू फिरवणे मुलांकडे द्यावे. आणि एक नियम त्यांच्या तोंडी बसवावा: जेवत्या कुत्र्याला हात लावायचा नाही, मग ते घरचे का असेना.

संत नामदेवांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा ती कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. एवढे मोठे मन आपल्याला कुठून येणार! पण रात्रभर जागून आपली राखण करणाऱ्याला बुरसटलेला घास देऊ नये, इतके तर कोणालाही जमेल. काळूच्या वेळी मला ते जमले नाही. आमच्या पडवीतल्या पेटीची कडी रोज संध्याकाळी उघडतो, तेव्हा मूठभर पीठ आधी हातावर घेऊन मी वास घेतो. आईने मला तेव्हा सांगितले होते, तेच मी आज आपणांस सांगितले.